एक लाख एकतीस हजार तास

पक्कडमामा : सांभाळून सिस्टर, तिकडून नको. या बाजूनं या. तो ढीग फोनांचा आहे, पायाखाली सरकतो.

सिस्टर : हे एवढे सगळे फोन?

पक्कडमामा : नुसत्या या आठवड्याचे. तो पलीकडचा डोंगर कीबोर्डांचा. आणि भिंतीला लागून उभे आहेत ते जुने टीव्ही. एके काळी ज्यांच्यावर भरतकामाचे रुमाल टाकायचे, ते. आता बसलेत बिचारे तोंड भिंतीकडं करून.

सिस्टर : बाप रे. मला वाटलं होतं, एखादं भंगाराचं दुकान असेल. इथे तर टोक दिसत नाही.

पक्कडमामा : पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण असाच उभा राहतो. मी तर पहिल्या दिवशी जेवायचंच विसरलो होतो. अशा दीडदोनशे फोनांतून अंगठीपुरतं सोनं निघतं, सांगितलं तर खरं वाटेल? बरं, तुमची वस्तू उतरवली आहे, त्या टेबलाशी. हॉस्पिटलचं पत्र आणलंय ना?

सिस्टर : पत्र आहे. आधी एक सांगा, तुमचं नाव काय लिहू? इथे "विघटन करणाऱ्याचे नाव" अशी रेघ आहे.

पक्कडमामा : नाव मी लिहीन सहीच्या वेळी. हाक मारायला पक्कडमामा म्हणा. इथं मशिनींवरची सगळी पोरं तेच म्हणतात, आता तर घरीसुद्धा. आणि तुम्ही साक्षीला, बरोबर? दवाखान्यातलं यंत्र मोडताना तिथलं माणूस समोर लागतं. नाहीतर अर्ध्या वस्तू मागच्या दारानं पुन्हा बाजारात जातात.

सिस्टर : मी लहान बाळांच्या विभागाची इन्चार्ज आहे. एकोणीस वर्षं. दीड महिन्यानं निवृत्त होतेय. ही पेटी आली तेव्हा मीच तिचा पुठ्ठा फाडला होता.

पक्कडमामा : म्हणजे काचेची पेटी ती हीच? बाळाला "काचेच्या पेटीत ठेवलंय" म्हणतात, ती?

सिस्टर : हीच. हात लावताना जरा हळू.

पक्कडमामा : सिस्टर, हळू लावून कसं चालेल? मोडायलाच आलीय ती. चला, मी पान्हे घेतो.

सिस्टर : थांबा. पक्कडमामा, पान्हे राहू द्या. तुम्ही सरळ माणूस दिसता, मी सरळच बोलते. ही मोडायची नाहीये.

पक्कडमामा : पत्रात तर...

सिस्टर : पत्रात मोडायची आहे. तुमच्या फाटकाबाहेर एक जीप उभी आहे. तिच्यात दोन गाद्या आणि दोरखंड आहेत. तुम्ही कागदावर मोडली म्हणून लिहा, मी साक्ष म्हणून सही करते. पेटी जीपमध्ये जाईल.

पक्कडमामा : अहो सिस्टर! तुम्ही? दिसता तर कशा कडक शिस्तीच्या.

सिस्टर : शिस्तीचीच आहे. पस्तीस वर्षांत एक सही खोटी केली नाही. ही पहिलीच.

पक्कडमामा : विकायची असली तर मला ऐकायचंसुद्धा नाही.

सिस्टर : विकायची? माझी भाची डॉक्टर आहे. डोंगरात, रस्ता संपतो तिथे, सहा खाटांचा दवाखाना चालवते. तिच्याकडे पेटी नाही. जिथे आहे तिथे पोचायला तीन तास. मागच्या थंडीत एक बाळ निघालं आणि पोचलं नाही. थांबा, तिचाच फोन आहे. तुम्हीही ऐका.

भाची (फोनवर) : आत्या, निघाली का जीप?

सिस्टर : अजून नाही. इथले मामा समोर आहेत. बोल, त्यांनाही ऐकू जातंय.

भाची (फोनवर) : मामा, नमस्कार. मी जास्त वेळ घेत नाही, बाहेर लोक बसलेत. माझ्याकडे एक बाई आहे, सातवा सरून आठवा लागलाय, जुळी आहेत. थांबतील असं वाटत नाही. आज नाहीतर या आठवड्यात. मी तिला शहरात जा म्हणतेय, तर घरी दोन लहान पोरं टाकून ती जायला तयार नाही. तुमच्याकडे पडलेली पेटी मला मिळाली तर... मामा, तुम्ही तिचे तुकडेच करणार आहात ना?

पक्कडमामा : डॉक्टरताई, तुमचं सगळं कळतंय मला. पण टाकलेली वस्तू कुणी उगाच टाकत नाही.

भाची (फोनवर) : चालू आहे ती. आत्या म्हणाली, कालपर्यंत बाळ होतं तिच्यात. हो ना आत्या?

सिस्टर : हो. कालपर्यंत होतं.

पक्कडमामा : मग असं करू. लपवाछपवी नको. मी आत्ता इथं वीज जोडतो. तासभर चालवून बघू. नीट चालली तर मी स्वतः तुमच्याबरोबर हॉस्पिटलात येतो, तुमच्या साहेबांपुढं बसतो आणि मोडायचं पत्र फिरवून दान द्यायचं पत्र घेतो. त्यांनी नाही म्हटलं तर दारात बसतो. आणि नीट चालली नाही तर...

भाची (फोनवर) : चालेल ती. आत्या, मला कळव. ठेवते.

पक्कडमामा : चला. प्लग द्या इकडं. पंखा फिरतोय... दिवा आला... अरे वा! कशी गुणगुणायला लागली बघा.

सिस्टर : हा आवाज. माझ्या घरी फ्रिज असा वाजतो ना, तर झोपेत दचकून उठते, कुणाचं बाळ म्हणून.

पक्कडमामा : किती लावू?

सिस्टर : चौतीस. आणि आत हा माझा थर्मामीटर ठेवा. पेटीच्या आकड्यावर जाऊ नका.

पक्कडमामा : का हो?

सिस्टर : सवय आहे.

पक्कडमामा : बरं. इथं मागं एक छोटी खिडकी आहे, धुळीनं भरलीय. पुसतो जरा... हे बघितलंत कधी? आकडे आहेत.

सिस्टर : मागे कधी बघणार? ती कायम भिंतीला लागून. काय आहे ते?

पक्कडमामा : यंत्र किती तास चाललं त्याचा मोजणारा. गाडीचे किलोमीटर असतात तसे. चष्मा लावतो. एक... तीन... एक... चार, शून्य, सहा. एक लाख एकतीस हजार चारशे सहा.

सिस्टर : तास?

पक्कडमामा : तास. फोनवर हिशेब करतो. भागिले चोवीस... पाच हजार चारशे पंचाहत्तर दिवस. भागिले तीनशे पासष्ट... सिस्टर, बरोबर पंधरा वर्षं. एका दिवसाचाही फरक नाही. एकोणीस वर्षांतली पंधरा वर्षं ही बाई दिवसरात्र जागी होती.

सिस्टर : पंधरा वर्षं.

पक्कडमामा : एक बाळ किती दिवस राहतं आत?

सिस्टर : कुणी तीन दिवस, कुणी पन्नास. एक मुलगी होती, सातशे वीस ग्रॅमची, ती त्रेसष्ट दिवस राहिली. आम्ही तिला दाणा म्हणायचो. सरासरी बारा धरा.

पक्कडमामा : बारा... चारशे छप्पन.

सिस्टर : काय?

पक्कडमामा : चारशे छप्पन बाळं, सिस्टर. एका पेटीत.

सिस्टर : पुन्हा करा हिशेब.

पक्कडमामा : केला. तेवढीच येतात.

सिस्टर : मी कधी मोजलंच नाही हो. आमच्याकडे रोज एकच मोजायचं, आज किती आहेत. चारशे छप्पन... म्हणजे एक अख्खी शाळा. मैदानात उभी केली तर रांगा लावाव्या लागतील.

पक्कडमामा : सगळी वाचली?

सिस्टर : सगळी कशी वाचतील? पण पुष्कळ. पुष्कळ वाचली. मोठ्या पोरांना आता मिशा फुटल्या असतील. रस्त्यात माझ्या अंगावर सायकल घालत असतील, आणि मी त्यांना दटावत असेन.

पक्कडमामा : मी वीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले, नंतर बारा वर्षं इथं आहे. लाखभर वस्तू मोडल्या असतील या हातांनी. कुणाच्या आत काय घडलं, हे कधी मनात आलं नव्हतं.

सिस्टर : तापमान बघा.

पक्कडमामा : तेहतीस पूर्णांक आठ. सरळ चढलं. झकास. बसा त्या खोक्यावर. चहा सांगू?

(पाऊण तास गेला. दोघांच्याही पेल्यांत उरलेल्या चहावर साय धरली.)

सिस्टर : पक्कडमामा, तुम्ही दुकान का सोडलं?

पक्कडमामा : दुकानाच्या वरच आमचं घर, मागं मोकळी जागा होती. तिथं एक जण वायरींचे भारे आणून पेटवायचा. वरचं प्लास्टिक जळलं की आतलं तांबं मिळतं. काळाकुट्ट धूर. आणि त्याला वायरी देणारा कोण, तर मीच. माझ्या दुकानातलं मोडकंतोडकं त्यालाच तर द्यायचो. आम्ही आपली खिडकी लावून घ्यायचो, झालं. मग आमच्या मंडळींना खोकला लागला, तो काही हटेना. डॉक्टर म्हणाले, घरात कुणी विडी ओढतं का? मी म्हटलं, नाही. खिडकीचं सांगायला माझी जीभ उचलली नाही. तेव्हापासून टाकलेली वस्तू कुठं जाते ते शेवटपर्यंत बघायचं, असं ठरवलं.

सिस्टर : आता कशा आहेत त्या?

पक्कडमामा : आहेत. जिना चढताना मध्ये दोनदा थांबतात. मी पिशवी घेऊन मागं उभा राहतो, घाई नाही असं दाखवत. ते जाऊ द्या. थर्मामीटर काय म्हणतो?

सिस्टर : पस्तीस पूर्णांक दोन.

पक्कडमामा : आणि पेटीचा आकडा?

सिस्टर : चौतीस.

पक्कडमामा : हं. थोडं थांबू.

सिस्टर : छत्तीस.

पक्कडमामा : पेटी अजून चौतीसच दाखवतेय. धोक्याचा भोंगा वाजायला हवा होता ना?

सिस्टर : कधीचाच. सदतीस पूर्णांक एक. बंद करा.

पक्कडमामा : जरा बघू, कुठवर...

सिस्टर : बंद करा म्हणते ना! आत बाळ असतं तर?

पक्कडमामा : केली. केली बंद. बघा, ओढला प्लग. सिस्टर, बसा. तुम्हाला हे माहीत होतं.

सिस्टर : तीन वर्षांपूर्वी, भर दुपारी. बाकीच्या जेवायला गेल्या होत्या. मी सहज त्या गोल दारातून हात आत घातला, तर भट्टीसारखं. बाळ लालबुंद. आकडा चौतीस. भोंगा गप्प. दोन मिनिटं उशीर झाला असता तर... मी तक्रार लिहिली. माणूस आला, काहीतरी ठोकलं, म्हणाला झालं. महिन्यानं पुन्हा तेच. पुन्हा तक्रार, पुन्हा ठोकणं. नवीन मिळेना, आणि ही बंद ठेवली तर बाळ ठेवायचं कुठे? मग मी नियम केला. या पेटीत वेगळा थर्मामीटर, आणि दर पंधरा मिनिटांनी आत हात. माझा किंवा मी शिकवलेल्या पोरीचा. वहीत वेळ आणि सही. तीन वर्षं.

पक्कडमामा : दर पंधरा मिनिटांनी. तीन वर्षं.

सिस्टर : एकदाही चुकलं नाही. नवीन पेटी या सोमवारी आली.

पक्कडमामा : म्हणजे ही शेवटची तीन वर्षं यंत्र कुठं चालत होतं? तुमचे हात चालत होते. माझ्या आकड्यात तर तेही तास धरलेत!

सिस्टर : भाचीला मी हे सांगितलं नाही. म्हटलं, पेटी गेल्यावर समजावून सांगू, दर पंधरा मिनिटांनी हात घाल म्हणून. सवयीनं सोपं वाटायला लागतं हो, पक्कडमामा. आपण निभावलं म्हणजे कुणीही निभावेल.

पक्कडमामा : इकडं या. पॅनेल उघडतो. हे भिंग धरा. हा सर्किटचा हिरवा पत्रा दिसतोय ना, त्याच्या कोपऱ्यात, त्या चंदेरी ठिपक्यावर बघा. केसाएवढी चीर. गार असताना चिकटलेली असते, तापली की उघडते. म्हणून तुमच्या माणसाला कधी सापडली नाही. आणि ती एकच नाही. हे बघा, इथं, इथं, इथंही.

सिस्टर : किती बारीक आहे हे सगळं. या रेघा... कमी दिवसांच्या बाळाच्या कपाळावर अशाच शिरा दिसतात. कातडी इतकी पातळ असते की आतलं सगळं दिसतं.

पक्कडमामा : चीर भरता येईल. मी आत्ता भरून देईन. पण पत्राच म्हातारा झालाय, उद्या दुसरीकडं चिरेल. याची हमी मी देणार नाही. आणि बनवणाऱ्यानं सुटे भाग कधीच बंद केलेत. बाकी निर्णय तुमचा. मी फाटकाकडं पाठ करून उभा राहू शकतो. राहायचं का, ते तुम्ही सांगा.

सिस्टर : फोन लावते तिला.

भाची (फोनवर) : आत्या! निघाली?

सिस्टर : आधी मला सांग. तुझ्याकडे पाळीला माणसं किती?

भाची (फोनवर) : मी, आणि एक ताई. ती संध्याकाळी घरी जाते. का?

सिस्टर : मग संध्याकाळनंतर तू एकटी.

भाची (फोनवर) : एकटीच असते नेहमी. काय झालं?

सिस्टर : पेटी नको तेवढी तापते, बाळा. आकडा खोटा दाखवते आणि भोंगा वाजत नाही. मला तीन वर्षांपासून माहीत होतं. तुला सांगितलं नाही, ते चुकलं माझं.

भाची (फोनवर) : ...मी लक्ष ठेवीन. घड्याळ लावीन. तू ठेवलंस ना? मग मी का नाही?

सिस्टर : माझ्याकडे सहा जणी होत्या. तू एका बाळंतिणीचं रक्त थांबवत असशील आणि पंधरा मिनिटं कधी होतील ते कळणार नाही.

भाची (फोनवर) : मग मी काय करू, सांग ना! ते मागचं बाळ माझ्या मांडीवर गार झालं, आत्या. जीपमध्ये. मी त्याला माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळलं होतं. तुझ्याकडे नियम आहेत, हॉस्पिटल आहे. माझ्याकडे काय आहे?

सिस्टर : ऐक. रडून घे, पण ऐक. स्वेटरमध्ये नाही. उघड्या छातीवर. आईच्या कातडीला बाळाची कातडी, वरून घोंगडं, डोक्याला टोपी. रात्रंदिवस, उतरवायचं नाही. आई दमली तर बाप, बाप नसेल तर आजी. जुळी आहेत ना? एक इकडे, एक तिकडे. पेट्या भरलेल्या असायच्या तेव्हा आम्ही हेच केलंय. दाणा घरी गेली ती पेटीतून नाही, आईच्या छातीवरून गेली.

भाची (फोनवर) : मला माहितेय ते. पुस्तकात वाचलंय. पण एकटीनं, इतक्या लहान जिवाला...

सिस्टर : एकटीनं नाही. ती जीप रिकामी परत जाणार नाही. मी बसते तिच्यात.

भाची (फोनवर) : तू? तुझी नोकरी?

सिस्टर : माझी सत्तर दिवसांची रजा पडून आहे. मोठ्या मेट्रनना संध्याकाळी फोन करते, चिडतील, चिडू देत. टोप्या, दूध मोजायचे पेले, पाजायच्या बारीक नळ्या, सगळं घेऊन येते. आणि नव्या पेटीसाठी अर्ज कुणाला आणि कसा लिहायचा तेही मला पाठ आहे. तीन वर्षं लिहिलाय मी.

भाची (फोनवर) : आत्या...

सिस्टर : त्या बाईला सांग, आत्या येतेय म्हणून. ठेव आता. तुझे लोक बसलेत बाहेर.

पक्कडमामा : सिस्टर, तुम्ही तर...

सिस्टर : काही बोलू नका, नाहीतर मलाही रडू येईल. पान्हा द्या इकडे. पहिला कुठला काढायचा?

पक्कडमामा : तुम्ही काढणार?

सिस्टर : पुठ्ठा मी फाडला होता, स्क्रूही मीच काढते.

पक्कडमामा : मग हा, खालचा डावा. उलटीकडं फिरवा. जोर लागेल... सुटला! आता वरची झाकणी मी धरतो. हे पारदर्शक, हे वितळून दुसरं काहीतरी होईल. भोंग्याची बॅटरी वेगळी, तिच्यातलं आम्ल सांडलं तर जमिनीत मुरतं. तारा सोलायच्या, जाळायच्या नाहीत. त्या चिरलेल्या पत्र्यात शिसं आहे, तो बंद भट्टीत जातो, धूर गाळून. आणि या ट्रान्सफॉर्मरच्या गोळ्यात तांबं बघा, किती आहे.

सिस्टर : नव्यासारखं चमकतंय.

पक्कडमामा : तांब्याला म्हातारपण नसतं. कुठल्या कुठल्या डोंगरातून निघालेलं, कितीदा वितळलेलं असेल, देव जाणे. पुन्हा तार होऊन जाईल कुणाच्या तरी घरी. आता शेवटचं, पंख्याचा कप्पा. हा गादीच्या खाली असतो, सगळी हवा यातूनच फिरते. यंत्र बनल्यापासून हा उघडलेला नसणार, सील तसंच आहे. हं... सुटला. अरे! हे काय आहे?

सिस्टर : बघू. शी! इथे धूळ? आम्ही रोज पुसतो हो, गाळणी तर दर महिन्याला...

पक्कडमामा : धूळ नाही, सिस्टर. धूळ मी ओळखतो, काळी असते, चिकट असते. हे बघा ना, आसाभोवती कसं गुंडाळलंय. करडं, मऊ. पिसासारखं. फुंकर मारली तर उडेल.

सिस्टर : फुंकर मारू नका.

पक्कडमामा : काय आहे?

सिस्टर : थोडे दुपट्यांचे तंतू असतील. आणि बाकी... कमी दिवसांचं बाळ असतं ना, त्याच्या सगळ्या अंगावर लव असते. खांद्यांवर, पाठीवर, कानांच्या पाळ्यांवरसुद्धा. पोटात कातडी जपली जावी म्हणून. दिवस भरले की आपोआप झडते. यांचे दिवस पोटात भरले नाहीत, इथे भरले. म्हणून इथे झडली.

पक्कडमामा : सगळ्यांची?

सिस्टर : थोडी थोडी. एकोणीस वर्षांची.

पक्कडमामा : ए, इकडं या रे सगळे. हातातलं ठेवा, मशीन बंद करा आणि या. आवाज नका करू. हे बघा... सिस्टर, एक विचारू? याला मी हात लावला तर चालेल?

सिस्टर : आधी साबणानं धुवून या. कोपरापर्यंत.